मदत हवी आहे: इंग्रजीत 'गो'चा भूतकाळ 'वेंट' का?

'वेंट' हे मुळात 'गो'चं रूप नाही, इथपर्यंत माझं वाचून झालंय. ते 'वेंड' या वेगळ्या क्रियापदाचं, ज्याचा जुना अर्थ 'वळणे'. सेंड-सेंट, बेंड-बेंट, तसंच वेंड-वेंट. जुन्या इंग्रजीत 'गो'चा भूतकाळ 'एओदे' होता, म्हणजे तोही परकाच! पंधराव्या शतकाच्या सुमारास दक्षिण इंग्लंडमध्ये 'वेंट'ने ती जागा घेतली. उत्तरेकडे मात्र 'गो'पासूनच नवं रूप घडलं, स्कॉट्स या स्कॉटलंडमधल्या भाषेत ते 'गेड' म्हणून राहिलं. ('वेंड'ला बिचाऱ्याला पुढे 'वेंडेड' हे रूप घ्यावं लागलं.)

आपल्याकडेही 'जातो' संस्कृत 'याति'वरून आणि 'गेला' 'गत'वरून येतो, त्यामुळे दोन धातूंचं एक क्रियापद होणं मला नवल वाटत नाही. 'अनियमित क्रियापद आहे, पाठ करा' हे उत्तरही नको. व्युत्पत्तिकोश चाळले, ते काय घडलं तेवढंच सांगतात, कारण नाही. भाषाशास्त्राचं शिक्षण नाही, त्यामुळे सोपं करून सांगितलंत तर बरं.

'एओदे' मागे पडल्यावर दक्षिणेत उत्तरेसारखं 'गो'पासूनच रूप न घडवता उसनं 'वेंट'च का रुजलं? यावर अभ्यासकांमध्ये एखादं मान्य स्पष्टीकरण आहे का?