प्रतिसाद: फॉक्सप्रोमध्ये ग्राहकानुसार आणि तारखेनुसार बिलं लावणे

प्रश्न असा आहे की फॉक्सप्रोमध्ये (जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर) ग्राहकांच्या टेबलवरून बिलांच्या टेबलवर रिलेशन (दोन टेबलांची जोडणी) लावलं तर ग्राहकाची बिलं बरोबर येतात पण तारखा मागेपुढे का. कारण चाइल्ड टेबलवर, म्हणजे बिलांच्या टेबलवर, नुसत्या ग्राहक कोडचा टॅग (इंडेक्स, म्हणजे लावलेला क्रम) आहे, तारखेचा वेगळा टॅग केलात तरी उपयोग नाही कारण एका टेबलवर एका वेळी एकच ऑर्डर (चालू टॅग) असते आणि रिलेशन त्याच ऑर्डरवर शोधतं. दोन्ही कॉलम एकाच इंडेक्स एक्स्प्रेशनमध्ये घ्या, म्हणजे एसटीआर(कोड,6) + डीटीओएस(तारीख) (एसटीआर आकड्याचा ठरावीक रुंदीचा मजकूर करतं, डीटीओएस तारखेचा वर्ष-महिना-दिवस असा मजकूर करतं), आणि रिलेशन लावताना फक्त एसटीआर(कोड,6) द्या, सेट एक्झॅक्ट (पूर्ण मजकूर जुळायलाच हवा ही सेटिंग) ऑफ असलं की इंडेक्सच्या किल्लीच्या सुरुवातीच्या भागावर फॉक्सप्रो जुळवून घेतो. रुंदी दोन्हीकडे 6 च हवी हं, एकीकडे 5 झालं की काहीच सापडत नाही किंवा भलत्याच ग्राहकाची बिलं येतात आणि एररही येत नाही, डोकं खाजवत बसा!

दोन न्यूमेरिक फील्ड नुसते प्लस करू नका, तिथे सरळ बेरीज होते, 12 अधिक 5 आणि 10 अधिक 7 दोन्ही 17. डीटीओसी (तारखेचा नेहमीच्या दिसण्यातला मजकूर) पण नको, त्यात बहुधा दिवस किंवा महिना आधी येतो आणि वर्षं मिसळतात.

नवीन बिल वर हवं असेल तर डिसेंडिंग (उलटा क्रम) लावू नका, ते अख्ख्या टॅगला लागतं, ग्राहकही उलटे येतात. तारखेच्या जागी एसटीआर(99999999-व्हीएएल(डीटीओएस(तारीख)),8) टाका (व्हीएएल मजकुराचा आकडा करतं, म्हणून नवीन तारखेचा आकडा लहान होऊन आधी येतो), दिसायला गचाळ पण चालतं. आणि ग्राहकच शेवटच्या बिलाच्या तारखेने लावायचे असतील तर रिलेशनच्या नादी लागूच नका, सरळ एसक्यूएल क्वेरी लिहा: सिलेक्ट, ग्रुप बाय, ऑर्डर बाय.