ड्रॉप्स देऊन वर पोलिओचं इंजेक्शन कशाला?

सानूची_आई: मुलगी दीड महिन्याची झाली म्हणून काल लसीकरणाला नेलं तर पोलिओचे ड्रॉप्स पण पाजले आणि उजव्या दंडाला पोलिओचंच बारीकसं इंजेक्शन पण दिलं, मांडीला पाच रोगांवरचं पेंटाव्हॅलेंट वेगळंच. सिस्टरना विचारलं तर दोन्ही लागतं म्हणाल्या, मागे लाईन होती. सासूबाईंचं सुरू, आमच्या पोरांना नुसते थेंब दिले, काय झालं? एकाच रोगाला दोन लसी, एकमेकींचा असर मारत नाहीत ना?

वऱ्हाडी_काका: मारत नाहीत, उलट वाढवतात. थेंबात जिवंत पण कमजोर केलेला व्हायरस असतो, तो आतड्यात वाढतो आणि तिथंच पहारा बसवतो. इंजेक्शनातला मेलेला, तो रक्तात अँटीबॉडी बनवतो म्हणजे लकवा टळतो, पण नुसतंच इंजेक्शन घेतलं तर आतड्यात फारसं काही होत नाही. गंमत म्हणजे आधी थेंब मिळालेल्या पोराला इंजेक्शन दिलं की आतड्यातली इम्युनिटी पण वर जाते! यूपीत मुरादाबादला ट्रायल झालेली, २०१४ ला आली, तिथल्या पोरांना आधीच थेंबांचे ढीगभर डोस झालेले, तरी आणखी थेंब देण्यापेक्षा एका इंजेक्शनाने शीतून व्हायरस पडणं जास्त कमी झालं. वेल्लोरलाही त्याच वर्षी तसंच दिसलं.

निशा_पी: आणि पोलिओच्या व्हायरसचे तीन टाईप असतात, त्यातला टाईप २ एप्रिल २०१६ पासून थेंबांतून काढून टाकलाय, त्याचं संरक्षण आता इंजेक्शनातूनच मिळतं. सासूबाईंच्या वेळी थेंबात तिन्ही टाईप होते, हे सांगा त्यांना 😄

सानूची_आई: अच्छा!! मग पेंटाव्हॅलेंटमधे पाच एकत्र, तिथेही असंच का? रात्रभर ताप होता तिला, पुढच्या वेळी प्रायव्हेटमधे पेनलेस, म्हणजे ती कमी त्रासाची लस, घेऊ का?

निशा_पी: थोडंफार तसंच. सरकारी लसीत डांग्या खोकल्याचा अख्खा मारलेला जंतू असतो, तो स्वतःचं काम करतोच पण घटसर्प आणि धनुर्वाताच्या लसीला पण जोर देतो, शरीर आधीच जागं झालेलं असतं ना. ताप येतो तो बहुतेक त्याच्यामुळेच. पेनलेसमधे जंतूचे निवडक तुकडे, त्यामुळे त्रास कमी पण तो जोरही कमी, आणि खोकल्याचं संरक्षण लवकर ओसरतं. माझ्या दोघांना सरकारीच दिलं. ताप दोन दिवसांवर गेला तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

वऱ्हाडी_काका: दंडाचं इंजेक्शन फक्त ०.१ मिली असतं, पूर्ण डोसच्या पाचवा भाग, कातडीतच देतात. पुढचं १४ आठवड्यांना, मग नवव्या महिन्यात डाव्या दंडाला. कार्ड सांभाळून ठेवा.