शब्दचर्चा : 'मिथ्रेयम'ला मराठीत काय म्हणावं?

– लंडनमध्ये वॉलब्रूकला १९५४ साली सापडलेल्या रोमन देवळाला एका लेखात 'सूर्यमंदिर' म्हटलंय. मूळ शब्द 'मिथ्रेयम', म्हणजे मिथ्रास या देवाचं देऊळ. चालेल का?

– अर्थ ओढूनताणून बसतो, चित्र मात्र साफ चुकतं. शिलालेखांत मिथ्रासला 'सोल इन्व्हिक्टस', म्हणजे अजिंक्य सूर्य, म्हटलंय खरं. पण सूर्यमंदिर म्हटलं की आपल्याला कोणार्क नि मोढेरा आठवणार. इथे अंधारी, लांबट खोली, शक्यतो जमिनीखाली. दोन्ही भिंतींलगत ओटे, त्यांवर रेलून जेवणारे भक्त (सगळे पुरुषच). समोर कोरलेला मिथ्रास : बैलाच्या पाठीवर गुडघा रोवून सुरा खुपसतोय, कुत्रा आणि साप रक्ताकडे झेपावलेत, विंचवाने बैलाचं वृषण धरलंय. रोमला सान क्लेमेंते चर्चच्या खाली हे ओटे आजही दिसतात. 'मिथ्रेयम' हे नाव अलीकडच्या अभ्यासकांचं. भक्त 'स्पेलेउम' म्हणत, म्हणजे गुहा. माझं मत 'मिथ्रगुहा'ला.

– मग सरळ 'मित्रगुहा'च म्हणा की! सूर्यनमस्कारातलं 'ॐ मित्राय नमः' तेच ना?

– नाव एका मुळाचं, देव एक नव्हे. वैदिक मित्र आणि अवेस्तातला (पारशांच्या धर्मग्रंथातला) मिथ्र हे भाऊ-भाऊ, दोघेही दिलेल्या शब्दाचे राखणदार. रोमनांनी इराणी नाव उचललं, पण अवेस्तातला मिथ्र बैल मारत नाही. शिवाय 'मित्रगुहा' वाचून दोस्तांचा अड्डा वाटेल. (तेही अगदीच गैर नाही म्हणा. या पंथाचे दीक्षित एकमेकांना 'हात मिळवलेले' म्हणत.)

– फारसीत याच मिथ्रचं 'मेहर' झालं : सूर्यही आणि मायाही. आपलं 'मेहेरबान', 'मेहेरनजर' त्यातलंच. पारशी अग्यारीला 'दर-ए-मेहेर' म्हणतात. 'वराहमिहिर'मधला मिहिरही इराणी वाटेने आलेला.

– छान माहिती, पण म्हणून कुणी 'मेहेरघर' करू नका! आणि लंडनचं देऊळ पूर्ण भुयारी नव्हतं, त्याला गुहा कसं म्हणणार?

– भक्त जमिनीवरच्या खोलीलाही गुहाच मानत, काही ठिकाणी छत मुद्दाम कमानदार करत. वाक्यात असं वापरा : 'इ. स. २४०च्या सुमारास बांधलेली लंडनची मिथ्रगुहा २०१७पासून रस्त्याच्या सुमारे ७ मीटर खाली पाहता येते.' पहिल्या उल्लेखात 'मिथ्रास या देवाची' एवढं जोडलं की झालं.