वॅगनआरमध्ये स्विफ्टची सीट बसवताना रेल कोणती ठेवावी?

प्रश्न (सातारा)
माझ्या जुन्या वॅगनआरच्या चालकाच्या सीटचा फोम इतका दबला आहे की यवतेश्वरचा घाट चढून कासला पोहोचेपर्यंत कंबर धरते. सांगलीतील जुन्या सुट्या भागांच्या एका दुकानात स्विफ्टची, उंची कमी-जास्त करण्याचा खटका असलेली सीट रेलसह (म्हणजे सीट ज्यावर पुढे-मागे सरकते त्या पट्ट्यांसह) मिळत आहे. परंतु पुढची भोके जुळवली की मागची दोन बोटे सरकलेली दिसतात. रेलचे पाय कापून वेल्डिंग करून देतो, असे तेथील कारागीर म्हणतो. तसे करावे, की माझ्याच गाडीच्या रेलवर ही सीट बसवावी?

उत्तर (मिरज, गॅरेज)
वेल्डिंगला साफ नकार द्यावा. अनेक गाड्यांत बेल्टचे बक्कल सीटच्याच आतल्या बाजूला बसवलेले असते, त्यामुळे धडक बसल्यावर चालकाच्या वजनाचा हिसका बक्कलमधून रेलवर आणि रेलमधून फ्लोअरच्या बोल्टांवर येतो. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगतच्या कडक पोलादाचे पाणी उतरते आणि वरून रंग मारल्यावर ते कोणालाही दिसत नाही.

आपली रेल ठेवण्याचा विचार योग्य आहे, पण या सीटला तो लागू पडणार नाही. खटक्याच्या सीटमध्ये सांगाडा आणि रेल यांच्यामध्ये उचलणाऱ्या पट्ट्या असतात व त्या सहसा वरच्या रेललाच रिबिटने जखडलेल्या असतात. रेल काढली की खटकाही गेला. त्यापेक्षा खटका नसलेली साधी सीट शोधावी, जिचा सांगाडा रेलवर बोल्टने बसतो.

उत्तर (कराड)
सीट घेण्यापूर्वी ती उलटी करून पाहावी. पिवळे कनेक्टर दिसले, तर पाठीत साइड एअरबॅग किंवा बक्कलला प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट क्षणात आवळणारे यंत्र) असण्याची शक्यता असते, आणि अशी सीट घेऊच नये. १ जुलै २०१९ पासून पुढच्या दोन्ही सीटना बेल्टची आठवण देणारी यंत्रणा बंधनकारक आहे, त्यामुळे अलीकडच्या गाडीच्या सीटखाली त्याची वायर असणारच; तिला घाबरण्याचे कारण नाही. बक्कल मात्र आपल्याच गाडीचे ठेवावे, कारण दुसऱ्या गाडीच्या बक्कलमध्ये आपल्या बेल्टची जीभ नीट अडकेलच असे नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. साधी सीट मिळाली, तर काम नीट झाले हे कसे ओळखावे?

उत्तर (मिरज, गॅरेज)
दोन्ही रेल समांतर व एका पातळीत हव्यात. थोडा जरी तिरकेपणा राहिला, तर सीट जागेवर अडकवणारी एका बाजूची कडी रेलच्या दातात बसते आणि दुसरी दातावरच टेकून राहते. चालक निर्धास्त असतो आणि जोराचा ब्रेक लागताच सीट पुढे घसरते. म्हणून प्रत्येक खाचेत सीट थांबवून, पाय रोवून मागे-पुढे जोर द्यावा आणि खाली बॅटरी धरून दोन्ही कड्या पूर्ण बसल्याची खात्री करावी. बोल्ट जुन्याच मापाचे व त्याच ग्रेडचे घ्यावेत, हार्डवेअरच्या दुकानातील साधे नकोत. आणि खरे सांगायचे, तर केवळ फोमचीच तक्रार असेल, तर साताऱ्यातल्याच एखाद्या चांगल्या कुशनवाल्याकडून मूळ सांगाड्यावर नवा फोम भरून घेतला की ही सगळी खटपट वाचते.