मदत हवी आहे : शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायचंय

राम राम भाऊसहोन, चोपडा तालुक्यातल्या शाळेत शिकवतो. लॅबमधले डबे सगळे २ जीबी रॅमचे, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ त्यांच्यावर चालूच शकत नाही. नवीन घ्यायला पैसा नाही आणि चांगली चालती मशीन भंगारात द्यायला माझा जीव होत नाही. म्हणून एका मशीनवर लिनक्स मिंट एक्सएफसीई (विंडोजऐवजी चालणारी फुकट, हलकी सिस्टीम) टाकून बघितलं, बऱ्यापैकी चालतंय, जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरवर आठवीच्या पोरांनी त्रिकोणाचा कोपरा ओढला की कोन बदलतात पण बेरीज १८० च राहते हे बघितलं, तर पोरं उठायलाच तयार नाहीत! केरळात सरकारी शाळा कितीतरी वर्षांपासून लिनक्सवरच शिकवताय, मग आपल्याकडे का नाही होणार?

अडचण वेगळीच आहे. आमच्या सगळ्या जुन्या प्रश्नपत्रिका कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टाईप केलेल्या, लिबरऑफिसमध्ये (लिनक्सवरचं वर्डसारखं सॉफ्टवेअर) उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. फॉन्ट टाकला तर वाचता येतं, पण मला एकदाच सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे खास फॉन्ट न टाकता वाचता येईल असं, करून टाकायचंय. शंभरेक फाईली एकदम करता येतील असं ऑफलाईन कन्व्हर्टर कोणी वापरलंय का, जोडाक्षरं आणि रफार न बिघडवणारं? आणि क्लार्कभाऊंना टाईपरायटरच्या कीबोर्डची सवय आहे, तो लेआऊट मिंटमध्ये कसा लावायचा? जळगाव धुळ्याकडं कोणी शाळेत हे केलं असेल तर प्लीज सांगा, येऊन बघायची पण तयारी आहे.