काचेला लावलेला फीडर दर दोन दिवसांनी पडतो, वर कबुतरांचा ताबा

झरोका
पारदर्शक ॲक्रिलिकचा ट्रे आहे, मागे तीन सक्शन कप. काच पुसून, कप ओले करून लावला तरी दोन-तीन दिवसांत पडतो, तोही बहुतेक पहाटे. ट्रेमध्ये बाजरी आणि सूर्यफुलाचं बी मिसळून घालतो. येतात ती कबुतरंच, आणि ट्रेमध्ये ठाण मांडून बसतात. लहान पक्षी क्वचित येतात, पण आत नुसती मान वळवली तरी भुर्र. काचेवर आरशासारखी फिल्म लावावी का? आणि खिडकीशी दाणा ठेवल्याने पक्षी काचेवर आपटण्याचा धोका वाढतो का?

पाना-पकड
फक्त पडण्याबद्दल लिहितो. रात्री गारव्याने कपाचं मऊ प्लास्टिक कडक होतं आणि कड काचेवरून किंचित उचलली जाते. तिथून हवा शिरली की ट्रेच्या वजनाने बाकीचं काम होतं. म्हणून पहाट.

साध्या पुसण्याने काचेवरचा तेलकट थर जात नाही. काच आधी साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडी करा आणि मग स्पिरिटचा बोळा फिरवा. स्पिरिट काचेलाच, ट्रेला नाही. ॲक्रिलिकला त्याने बारीक तडे जातात. कप ट्रेमधून काढून दोन मिनिटं गरम पाण्यात ठेवा, म्हणजे मऊ पडतील आणि जुनी घडी असली तर बरीचशी उलगडेल. मग पाणी झटका. कपाच्या आत ओलसर बोट फिरवलं की पुरे, थेंब राहता कामा नये. तेल, व्हॅसलीन अजिबात नको. दोन दिवस छान बसतो आणि तिसऱ्या दिवशी घसरत खाली येतो. लावायची वेळ दुपारची, काच कोमट असताना. अंगठा कपाच्या मध्यावर टेकवून हवा कडेकडे ढकलत जा.

आता आतल्या बाजूने काचेतून कपाकडे बघा. नीट चिकटलेला भाग गडद, ओला झाल्यासारखा दिसतो. हवा राहिली असेल तिथे चांदीसारखा डाग किंवा रेघ दिसते. मध्ये छोटा डाग असला तर चालतो, पण रेघ कडेपर्यंत गेलेली दिसली की तो कप पडणार म्हणून समजा.

रात्रभर ट्रे रिकामा टांगून ठेवा, सकाळी दाणा घाला, तोही अर्ध्यापेक्षा कमी. वरच्या मजल्यावर असाल तर ट्रेपासून चौकटीपर्यंत नायलॉनची दोरी हवीच, खालून माणसं जातात. खरबरीत किंवा नक्षीच्या काचेवर सक्शन कप धरत नाहीत, तिथे चौकटीला कसायचा ब्रॅकेट घ्या.

टरफल
बाजरी घालून कबुतरांना आमंत्रण तुम्हीच दिलंय. लहान पक्षी मिश्रणातलं आवडीचं बी वेचतात आणि बाकीचं उडवतात. ते खाली पडतं, तिथे आधी कबुतरं आणि नंतर उंदीर. एकच बी ठेवा, काळ्या सालीचं सूर्यफूल. त्याची साल पातळ असते, बारीक चोचीलाही फुटते. खाली टरफलांचा सडा नको असेल तर सोललेलं घ्या, मात्र ते ओलाव्याने लवकर खराब होतं.

अर्थात सूर्यफूल कबुतरंही अख्खं गिळतात, त्यामुळे नुसतं बी बदलून भागणार नाही. ट्रेभोवती ४ सेंमी चौकोनांच्या जाळीचा पिंजरा करा. चिमणीएवढा पक्षी आरामात आत जातो, कबूतर अडतं. जाळी आणि दाणा यांत १० सेंमी तरी अंतर ठेवा, नाहीतर मान आत घालून खातं. पिंजऱ्याचं वजन कपांवर टाकू नका, तो चौकटीलाच अडकवा.

दाणा एका दिवसात संपेल एवढाच, साधारण मूठभर. पाव, खारे दाणे नकोत. बुरशी आलेले शेंगदाणे तर मुळीच नकोत, त्या बुरशीचं विष पक्ष्यांना मारतं. तळाला भोकं नसतील तर ३ मिमीची चार पाडा. ड्रिल सावकाश चालवा आणि खाली लाकडाचा तुकडा धरा, नाहीतर ॲक्रिलिक तडकतं.

दर दोन आठवड्यांनी, ओल्या हवेत त्याआधीच, आधी साबणाने विष्ठा घासून काढा. मग ब्लीच १ भाग आणि पाणी ९ भाग यात १० मिनिटं बुडवा, खळखळून धुवा, पूर्ण वाळवा. घाण तशीच ठेवून ब्लीच ओतलं तर उपयोग शून्य. पिसं फुलवून सुस्त बसलेला, डोळे सुजलेला पक्षी दिसला तर फीडर दोन आठवडे उतरवून ठेवायचा.

आडोसा
धोका उलट आहे. काचेपासून १ मीटरच्या आत फीडर असेल तर उडालेल्या पक्ष्याला जोराने आपटण्याइतका वेगच मिळत नाही. वाईट अंतर त्यापुढचं, काही मीटरचं. शेजारच्या मोकळ्या काचांवर मात्र बाहेरच्या बाजूने ठिपके किंवा रेघा काढा, ५ सेंमीपेक्षा जास्त जागा मोकळी न सोडता. ससाण्याच्या एखाद्या स्टिकरने काहीही होत नाही.

फिल्मच्या मी विरोधात आहे. बाहेरून ती आरसा होते आणि त्यात झाड, आकाश दिसतं, म्हणजे तुम्हाला जे टाळायचंय तेच. विणीच्या काळात नर आपल्याच प्रतिबिंबाशी तासन्तास भांडतो ते वेगळंच. लावायचीच तर फक्त ट्रेमागच्या तुकड्यापुरती. शिवाय बाहेर आतल्यापेक्षा जास्त उजेड असेपर्यंतच ती काम करते. खोलीत दिवा लागला की तुम्ही दिसता.

त्यापेक्षा खोली अंधारी ठेवा, पडदा ओढून चार बोटं फट सोडा आणि काचेपासून दोनेक मीटर मागे बसा. पक्षी बिचकतो तो हालचालीला, विशेषतः हात वर जाण्याला. दाणा रोज ठरल्या वेळी घाला आणि पहिले दोन-तीन आठवडे जागा बदलू नका. फोटोसाठी रबरी हूड (भिंगाच्या तोंडाला बसणारी कड) काचेला टेकवून भिंग काचेशी काटकोनात धरा, शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान.

झरोका
आतून पाहिलं. डावीकडच्या कपात रेघ थेट कडेपर्यंत आहे. काढून परत लावला तरी तिथेच येते.

पाना-पकड
कप फिरवून लावा. रेघ कपाबरोबर फिरली तर कपाची कड चिरली आहे, नवा घ्या. काचेवर त्याच जागी राहिली तर तिथे ओरखडा आहे. ट्रे १० सेंमी बाजूला सरकवा.