डोटा २: सपोर्ट खेळतोय पण रँक अडकलीय

प्रश्न: दोन महिने झाले डोटा २ या ऑनलाइन टीम गेममध्ये पोझिशन ५ (टीमला मदत करणारा सपोर्ट) खेळतोय, वॉर्ड (नकाशावर नजर ठेवणारी वस्तू) लावतो, कॅरीला (गोल्ड जमवून पुढं मॅच जिंकून देणाऱ्या खेळाडूला) जपतो तरी मॅच हातातून जाते, नक्की कुठं चुकतंय कळेना. कुणी सांगेल का?

रातकिडा: वॉर्ड कुठं लावतोस? ऑब्झर्व्हर वॉर्ड ६ मिनिटंच टिकतो, त्यामुळं पुढची फाइट कुठं होणारे ते बघून लाव. आणि हरलेल्या मॅचचा रिप्ले समोरच्या टीमच्या नजरेतून बघच, मी बघितला तेव्हा कळलं की दरवेळी त्याच जिन्यावरून एकटा चढून मरत होतो.

रानवारा: स्टॅक करतोस का? म्हणजे मिनिटाच्या ५३-५५ सेकंदाला जंगलातल्या कॅम्पमधले क्रीप (मारल्यावर गोल्ड देणारे प्राणी) बाहेर ओढ, मिनिट भरलं की रिकाम्या कॅम्पमध्ये नवे येतात, मग कॅरीला एकाच जागी दुप्पट गोल्ड.

प्रश्नकर्ता: स्टॅक कधीच केला नाही भावा, आजच बघतो करून.